वाऱ्याचा सांगाडा

२० ऑगस्ट
काम पूर्ण. दादाच्या भातशेतीच्या बांधाबांधावर, डोंगराच्या अख्ख्या उतारावर माझी बांबूंची चौकट उभी. नाव ‘वाऱ्याचा सांगाडा’. नीगाताच्या डोंगरात काय, अख्ख्या जपानात असलं काही आजवर झालं नसणार. इथल्या कलामहोत्सवाच्या समितीने दरवर्षीसाठी निवडलं की बायकोचं तोंड बंद. नाही निवडलं तर परत शाळेत चित्रकला शिकवायची, असं तिला कबूल केलंय. ती वेळ येणार नाही.
दादा बघून म्हणाला, बांबू बरे निवडलेस. भारावला असावा.

२४ ऑगस्ट
प्रेक्षक येतात, वहिनीच्या टेबलावर महोत्सवाच्या वहीत भेटीचा शिक्का मारतात, तिची खारवलेली वांगी खातात आणि जातात. सांगाड्याकडे पाठ! उद्या टेबल फिरवणे.

२५ ऑगस्ट
फिरवलं. आता ऊन तोंडावर येतं म्हणून कोणी बसतच नाही. वहिनी म्हणाली, भाऊजी, तुमच्या कलेपायी माझी वांगी उरली.

९ सप्टेंबर
समितीच्या ओगुनीबाई आल्या. विचार करू म्हणाल्या. जिंकलो!
दादा म्हणाला, अरे, आपल्याकडे ‘विचार करू’ म्हणजे नाही, एवढंही कळत नाही तुला? त्याला कलेतलं काय कळतं.

१८ सप्टेंबर
पाऊस थांबला, भात कापून झालं, पण दादाचं ते वाळवायचं मशीन बंद पडलंय. मला वेळ नाही. ओगुनीबाईंना आठवण करून द्यायला शहरात चाललो.

२१ सप्टेंबर
परतलो. सांगाड्यावर भात! आडव्या बांबूंवर वरपासून खालपर्यंत पेंढ्या. ओरडलो, ही कलाकृती आहे, वाळवण नाही! दादा म्हणाला, पीक कुजू देऊ का? बाबाही भात वाळवायला असेच बांबू उभे करायचे. मला वाटलं, तू तेच केलंयस.
मी तेच केलेलं नाही. बाबांचे खांब सरळ होते.

२७ सप्टेंबर
तुफान गर्दी. पेपरात सोनेरी डोंगराचा फोटो. कलाकार : गेन्झो कुराबे, शेतकरी. आडनाव तरी माझंच आहे.
ओगुनीबाई दादापुढे कमरेत वाकल्या. दरवर्षी हवंय म्हणाल्या. मी शेजारीच उभा होतो. माझ्या हातात त्यांनी छत्री दिली, धरायला.

८ ऑक्टोबर
भात उतरवलं. बांबू उघडे. एका बाईंनी विचारलं, इथली कलाकृती कुठे गेली? मी बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, हे नाही हो, ती भाताची.
वाईट वाटलं. खूप.
संध्याकाळी दादा बसपर्यंत सोडायला आला. नव्या तांदळाची पिशवी हातात देत म्हणाला, पुढच्या वर्षीही येऊन बांध. फक्त जरा ठेंगणं कर, वहिनीचा हात पोचत नाही.
जन्मात पहिल्यांदा दादाने माझ्याकडे काही मागितलं.
शाळेला सुट्टी कधी लागते ते बघून कळवतो म्हणालो.