संत निकोलाच्या दिवशी तंबूंसाठी डिनर

२ डिसेंबर
ठरलं. पूरग्रस्तांच्या तंबूंसाठी क्लबचं चॅरिटी डिनर मीच करणार. ओब्रेन फार्मसीवाल्याने तोंड वाकडं केलं. करू दे. जानेवारीत क्लबच्या अध्यक्षाची निवडणूक आहे आणि हा गृहस्थ आत्तापासूनच टाय लावून हिंडतोय. माझं डिनर झालं की विषय संपला.
नदीकाठची कुटुंबं पुरापासून शाळेच्या जिममध्ये गाद्या टाकून पडली आहेत. नवीन वर्षाला शाळेला जिम परत हवी. मग ही माणसं कुठे जाणार? तंबूत. स्टोव्हसकट हिवाळी तंबू! या गावात डोकं असलेला माणूस एकच, आणि तो दिवसभर लोकांचे दात उपटतो.

४ डिसेंबर
हॉटेल युनाकचा हॉल मिळाला, १९ तारखेचा. मॅनेजर म्हणाला, त्या दिवशी हॉल दरवर्षी रिकामाच असतो. कमाल आहे. कोणालाच कसं सुचत नाही?

४ डिसेंबर, संध्याकाळ
का सुचत नाही ते बायकोने, देसांकाने, ओरडून सांगितलं. १९ म्हणजे संत निकोला. म्हणजे आमच्या घरची स्लावा, घराण्याच्या संताचा सण. जसं काही मला माहीतच नव्हतं! संत माझ्या घराण्याचा आहे, हिला तो लग्नात मिळाला. अर्धं गाव त्या दिवशी आपापली दारं उघडून बसतं आणि उरलेलं अर्धं त्यांच्याकडे जेवत हिंडतं. बदलायला हवं हे.
म्हणालो, यंदा आपली स्लावा रद्द. ती म्हणाली, रद्द कशी करणार? स्लावाला आपण कुणाला बोलावतच नाही, ज्याला यायचं तो येतो. मग येऊ नका म्हणून सांगायचं तरी कुणाला?
या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही.

८ डिसेंबर
मेनू फायनल. अख्खं डुक्कर भाजून. ओब्रेन लगेच बोललाच, नाताळाआधीचे उपास चालू आहेत, लोक मासे आणि घेवडा खातात, डॉक्टर. तळपायाची आग मस्तकात गेली. माणसं उघड्यावर पडताहेत आणि याला घेवडा सुचतोय! डुक्कर म्हणजे डुक्कर.

११ डिसेंबर
नमुन्याचा तंबू आला. अंगणात उभा करून पाहिला. सूचना कुठल्या भाषेत होत्या देव जाणे. एक दांडी शिल्लक राहिली. बहुधा जादाची असावी.
देसांका खिडकीतून बघत होती. म्हणाली, यात म्हाताऱ्या माणसांना ठेवणार? जानेवारीत? आपला वरचा मजला रिकामा पडलाय की.
रिकामा! तो वुकाशिनचा आहे. मुलासाठी बांधलाय मी. ती म्हणाली, वुकाशिन ऑस्ट्रियात लिंझला आहे, त्याने तिथे फ्लॅट घेतलाय, इथे वर फक्त भोपळे राहतात. मी म्हणालो, येईल तो. आणि मुळात प्रश्न तत्त्वाचा आहे. सगळ्यांनी असं एकेकाला घरात घेतलं तर डिनर कशासाठी करायचं?
 तिने खिडकी लावून घेतली.

१५ डिसेंबर
तिकिटं संपली!! सगळ्यांनी घेतली. ओब्रेनला मुद्दाम विचारलं, १९ ला येताय ना? म्हणाला, अहो डॉक्टर, आजवर कधी चुकवलंय का? बाकीच्यांचंही तेच. भेटूच की संत निकोलाला, असं जो तो स्वतःहून म्हणतोय. गावाची मनं जिंकली की अशी जिंकावीत.
जिममधल्या सगळ्यांना स्टेजसमोरची टेबलं दिली आहेत. म्हणजे भाषणात त्यांच्याकडे हात करता येईल.

१९ डिसेंबर, सकाळ
देसांका पहाटेपासून मासे तळते आहे. स्लावाचा गोल पाव भाजून तयार. म्हणाली, दुपारी पाद्रीबुवा येतील, तेवढा पाव त्यांच्याबरोबर फिरवून कापा आणि मग जा कुठे जायचं ते. घरच्या पुरुषाशिवाय पाव कापत नाहीत.
मी म्हणालो, पाव थांबेल, पूरग्रस्त थांबणार नाहीत. वाक्य छान जमलं. भाषणात घेतो.

१९ डिसेंबर, रात्री आठ, हॉटेल युनाक
कोणी नाही.

थोड्या वेळाने
अजून कोणी नाही. पूरग्रस्तसुद्धा नाहीत! ज्यांच्यासाठी एवढं केलं त्यांनीही तोंडाला पानं पुसावीत? डुकराच्या तोंडात सफरचंद आहे, ते माझ्याकडेच बघतंय. ॲकॉर्डियनवाला दोनदा विचारून गेला, कुणासाठी वाजवू? वेटर म्हणतोय, साहेब, मी निघू का, घरी स्लावा आहे, पाहुणे बसलेत.
जा म्हणालो. जा सगळे! कृतघ्न गाव!

१९ डिसेंबर, घरी
सगळे इथे आहेत.
सगळे म्हणजे सगळे. माझ्या घरात. ओब्रेन, अख्खा क्लब, शाळेचे हेडमास्तर, जिममधली माणसं. देसांकाच त्यांना जिममध्ये सांगून आली होती. वर मलाच सुनावते, बोलावलं नाही हं, फक्त आज स्लावा आहे एवढंच म्हटलं.
दारात तिने मला उकडलेला गोड गहू पुढे केला. पाहुण्याला करतात तसा, एक चमचा. मी खाल्ला. दुसरं काय करणार?
ओब्रेनला विचारलं, तिकिटं घेतलीत ती कशाला? म्हणाला, अहो, चांगल्या कामाला पैसे दिले. पण तुमच्या घरची स्लावा सोडून तुमच्याच डिनरला कोण जाईल? आम्हाला वाटलं, तुम्हीही येऊन बसाल.
पाव जिममधल्या मिलादिनने फिरवला. दुपारी. माझ्या संताचा पाव, माझ्या सपाता घालून! आणि मिलादिनची म्हातारी आई माझ्या पलंगावर झोपली आहे, कारण तिला जिना चढवत नाही. बाकीचे त्याचे सगळे वर, वुकाशिनच्या मजल्यावर. भोपळे जिन्यात.
उरलेली कुटुंबं माशाचे काटे काढता काढता वाटून घेतली या लोकांनी. दोन ओब्रेनकडे, एक हेडमास्तरांकडे, बाकीची इकडे तिकडे. सगळ्यांची मुलं ऑस्ट्रियात, सगळ्यांचे वरचे मजले रिकामे. जिम उद्या मोकळी होणार. ठराव नाही, मतदान नाही, मला विचारलं नाही! माझ्या भाषणाचं कोणी नावही काढलं नाही.
देसांका म्हणाली, तुमचं अंथरूण स्वयंपाकघरात बाकावर घालते.  म्हणालो, मी तंबूत झोपेन. चाचणी करायची आहे.

२० डिसेंबर, सकाळ
ती दांडी जादाची नव्हती. पहाटे तंबू अंगावर बसला. स्टोव्ह पेटलाच नाही. पायांना पाय म्हणवत नाही.
कापडाखालून कसाबसा बाहेर आलो तर समोर एक म्हातारी, हातात कॉफी. मिलादिनची आई. काल मी आलो तेव्हा ती झोपलेली होती, त्यामुळे मला ओळखत नाही. चांगलंच सुनावायचं ठरवलं. माझ्याच पलंगावर झोपते म्हणजे काय!
तिने कप माझ्या हातात दिला आणि स्वतःची शाल माझ्या खांद्यावर टाकली. म्हणाली, तुझंही घर गेलं का रे, पोरा?
थंडीने माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.
ती म्हणाली, रडू नकोस. बाहेर कशाला मरतोस गारठून? आत जा आणि त्या बाईला विचार. कोणाला नाही म्हणत नाही ती. नवरा जरा तिरसट आहे म्हणतात, पण तो काही घरात नसतो.
कॉफी संपली. आत जाऊन विचारतो.