चिझुरूच्या प्रकृतीत सुधारणा

१० फेब्रुवारी
पत्नी चिझुरू हिच्या मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी काल यथासांग पार पडले. भिक्षू वेळेवर आले. कन्या मादोका आज हिरोशिमास परत गेली. निघताना म्हणाली, बाबा, रडावंसं वाटलं तर रडा हो, कोणी बघत नाहीये. मी तिला बसची वेळ सांगितली.
शोकाची मुदत संपली. उद्यापासून नियमित दिनक्रम.

११ फेब्रुवारी, सकाळी
सरोवरापलीकडच्या देवळात दर महिन्याच्या पंधरा तारखेस हस्तकलेचा बाजार भरतो. घंटेच्या चौथऱ्याशेजारची जागा कित्येक वर्षे चिझुरूची. हाताने केलेल्या मण्यांच्या माळा: कागदाच्या, मातीच्या, लोकरीच्या. आज बाजार समितीचा फोन आला. चिझुरूबाई गेल्या वेळी दिसल्या नाहीत, बरं नाही का त्यांना? मी म्हणालो, होय, बरे नाही.
विचारांती असे दिसते की, हे विधान असत्य नव्हे. मृत्यू ही प्रकृती बिघडण्याचीच शेवटची पायरी होय.
बाजाराचा नियम असा: जागा कारागिराची. कारागीर आजारी असल्यास घरच्या माणसाने बसावे. मात्र माल कारागिराच्याच हातचा असावा. अंत्यविधी घरच्यांपुरता केल्यामुळे सरोवरापलीकडे कोणास काही ठाऊक नाही. योग्य वेळी कळवीन.

१५ फेब्रुवारी
बाजारात बसलो. शेजारी झाडू बांधून विकणाऱ्या इसोगाईबाई. मी वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्याचे चिझुरूने त्यांना पूर्वीच सांगितलेले दिसते. म्हणाल्या, साहेब, असं तोंड करून बसलात तर गिऱ्हाईकाला वाटेल दंड भरायला बोलावलंय. चिझुरूच्या दोन माळा विकल्या गेल्या. विकत घेणारी मुलगी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी तिच्याकडे पाहत होतो. हे शिष्टाचारास धरून नव्हते.
घरी येऊन शिल्लक तपासली. तिच्या हातचे मणी बिस्किटाच्या डब्यात आहेत तेवढेच. पुरवठा बंद असताना साठा विकणे शहाणपणाचे नाही. सबब, यापुढे मणी मी करणार. मणी म्हणजे गोल वस्तू व तिच्या मधोमध छिद्र. त्यात अवघड काही नाही.

२६ फेब्रुवारी
कागदी मणी. कागदाची निमुळती पट्टी बांबूच्या काडीवर गुंडाळायची, खळ लावायची, काडी ओढून घ्यायची. काडी निघाली नाही. काड्यांचा दर्जा हल्ली खालावला आहे.

४ मार्च
माती. ओव्हनमध्ये भाजली. धुरामुळे शेजारचे गृहस्थ धावत आले. त्यांना वाटले मासा करपला. मीही तसेच सांगितले. उरलेले मणी व्हर्नियर मोजपट्टीने मोजले. एकही दुसऱ्यासारखा नाही. चिझुरूचेही नसत, परंतु तिच्या बाबतीत ती उणीव वाटत नसे.

१५ मार्च
इसोगाईबाईंनी माझा एक मणी उचलला. हसतील असे वाटले. त्यांनी तो उलटसुलट फिरवून पाहिला. मग हळूच म्हणाल्या, अहो, हात थरथरतोय का हो तिचा? मी म्हणालो, थोडासा. तर डोळ्यांना पदरासारखा एप्रन लावून म्हणाल्या, सांगा तिला, म्हणावं जिवावर उदार होऊन मणी करत बसू नकोस, बाजार कुठे पळून चाललाय? पेजेबरोबर द्यायला म्हणून घरचे खारवलेले आंबट आलुबुखार बरणीभर दिले.
रुग्णासाठी दिलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून रात्रीच्या जेवणास पेज केली व मीच खाल्ली.
निश्चय: रुग्णाची प्रकृती सुधारलीच पाहिजे.

२ एप्रिल
लोकर. साबणाच्या पाण्यात भिजवून भाताचा गोळा वळावा तशी तळहातांत फिरवायची. दाब जास्त झाला तर भेग पडते, कमी झाला तर मणी पोकळ राहतो. किती दाब, ते हाताला कळते. मापात सांगता येत नाही. असले वाक्य मी कार्यालयीन टिपणीत कधीही खपवून घेतले नसते.

१५ एप्रिल
इसोगाईबाईंनी लोकरीचा मणी दाबून पाहिला आणि ओरडल्याच. सुधारली बघा! अहो, या रे सगळे, चिझुरूचा हात बघा! मी म्हटलं नव्हतं, थंडी सरू दे, उठते की नाही बघा! चिवट आहे बाई ती, तुम्हाला नाही का इतकी वर्षं सोसलंन? दुकानांच्या रांगेतली सर्व मंडळी जमली. चहाचे कप विकणाऱ्या कुंभाराने माझे अभिनंदन केले. मी वाकून सर्वांचे आभार मानले.
परतीच्या बसमध्ये संपूर्ण वेळ आनंदात होतो. कारण नोंदवण्याजोगे नाही.

१८ एप्रिल
मादोकाचा फोन. बाबा, आवाज किती खुललाय तुमचा! मी म्हणालो, सुधारणा आहे. कोणात, असे तिने विचारले. मग, बाजारातल्या लोकांना आईचं कळवलंत ना, हेही विचारले. शिंपल्यांचे सूप उतू जात असल्याचे सांगून फोन ठेवला. सूप केलेले नव्हते.

१५ मे
पुन्हा कागदी मणी. या वेळी काडी अलगद निघते. इसोगाईबाईंनी एक मणी उजेडात धरला. म्हणाल्या, आता मला बनवू नका साहेब. इतका घट्ट पीळ आजारी माणसाला बसत नाही. ठणठणीत झालीय ती, आणि तुम्ही तिला घरात दडवून ठेवलंय. पुढच्या वेळी घेऊनच यायचं. बसायला खुर्ची मी आणते, झाडू सरकवते तिकडे, ऊन लागायचं नाही तिला.
मी म्हणालो, पाहू.

२० मे
प्रकृतीत तूर्त किंचित बिघाड होणे इष्ट. मुद्दाम सदोष मणी करावयास बसलो.

२१ मे
जमले नाही. डाव्या हाताने केले. डोळे मिटून केले. हात ऐकत नाहीत. मणी चांगलेच होतात.

३ जून, दुपारी
इसोगाईबाई खरबूज घेऊन दारात. तुम्ही आणणार नाही हे ओळखून मीच आले. मी म्हणालो, ती झोपली आहे. त्या म्हणाल्या, मग उठवत नाही, नुसती बघून जाते. चपला काढून त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या. मी त्यांच्या मागे गेलो. थांबवणे शक्य होते.
पूर्वजांच्या देव्हाऱ्यात चिझुरूचा फोटो. पुढे उदबत्ती, सकाळची.
त्यांनी आधी फोटो पाहिला, नंतर उदबत्ती. मग गुडघ्यांवर बसल्या, खरबूज फोटोसमोर ठेवले, छोटी घंटा वाजवली आणि म्हणाल्या, उठवत नाही हो मी तुला, झोप.
मग मागे न पाहताच त्यांनी विचारले, हात कोणाचा मग तो? मी दोन्ही हात पुढे केले. बोटांवर खळ वाळलेली होती. बोटे तशीच त्यांनी घट्ट धरली. वेडे आहात हो साहेब, म्हणाल्या, अगदी वेडे आहात. मी त्यांना चहा विचारला. चहा संपला असल्याचे नंतर लक्षात आले.
खरबूज अद्याप कच्चे आहे. दोन दिवस ठेवावे लागेल.

१५ जून
वेळेवर पोहोचलो. जागेवर नवी पाटी. इसोगाईबाईंनी माझे नाव लिहून आणले होते. अक्षर सुवाच्य आहे. समितीची हरकत नाही. खुर्ची आणलेली नव्हती.
दुपारच्या आतच सर्व मणी विकले गेले. बहुतेक रांगेतल्या मंडळींनीच घेतले. कुंभाराने दोन माळा घेतल्या. तो अविवाहित आहे. प्रत्येकाने वाकून नमस्कार केला आणि आज हवा छान आहे असे म्हटले. सकाळपासून झिमझिम चालू होती.
चिझुरू कशी आहे, असे आज कोणीही विचारले नाही. मी उत्तर तयार ठेवले होते.