शनिवारी भरणारी छाती

डॉक्टरसाहेब, तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगायची तर आधी तुमचीच गोष्ट तुम्हाला ऐकवावी लागेल. तुम्हाला ते आवडलं नसतं. पेशंटची केस लांबण लावून सांगणाऱ्याला तुम्ही मध्येच तोडायचात. पण आता तुम्हाला तोडता येत नाही, तेव्हा मी माझ्या चालीनं सांगणार आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात मी एमबीबीएस होऊन वळ या आमच्या गावी परतले आणि भिवंडीत तुमच्या कामतघरच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून यायला लागले. आमच्या आईला ते मुळीच पटलं नव्हतं. "एवरी शिकलीस, आन् आता दुसऱ्याच्या हाताखाली? सोताचा बोर्ड लावाचा न्हाय काय?" असं ती रोज भाकऱ्या थापताना म्हणायची. मलाही वाटायचं की महिना-दोन महिने बघावं आणि बोर्ड लावावा. मी पाच वर्षं राहिले. दवाखान्याच्या दोन्ही अंगांना यंत्रमागांचे, म्हणजे लूमचे कारखाने, त्यामुळे पेशंटशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसलेला असायचा आणि तुम्ही मात्र खालच्या आवाजात बोलत असायचात, आणि पेशंटला ते कसं कोण जाणे ऐकू जायचं.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला झापलंत. एका कामगाराला मी विचारलं होतं, छाती भरून येते ना? तो हो म्हणाला. दम लागतो ना? हो. रात्री जास्त होतं ना? हो. मी खूश होऊन केसपेपर तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही त्याला तपासलंत, औषध दिलंत, तो बाहेर गेल्यावर पंखा बंद केलात, म्हणजे बोलणं नीट ऐकू यावं म्हणून, आणि म्हणालात, "तो माणूस शिफ्ट करून आलाय, त्याला खोलीवर जाऊन झोपायचंय. तुम्ही विचाराल त्याला तो हो म्हणेल. उत्तर त्याच्या तोंडात घालू नका, डॉक्टरीणबाई." मी दोन दिवस फुगून बसले होते. ‘डॉक्टरीणबाई’ हे तुम्ही चिडवायला म्हणायचात की मानानं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या वर्षी आपल्याकडे तो आला. नाव लिहीत नाही. आपण दोघं त्याला ‘कोपऱ्यातला’ म्हणायचो, कारण बाक रिकामं असलं तरी तो भिंतीच्या कोपऱ्यातच बसायचा. उत्तर प्रदेशातून आलेला, लूम चालवणारा, अंगानं काटकुळा, सतत खोकणारा. एक्स-रेमध्ये वरच्या बाजूला जरासा डाग होता. थुंकी पुन्हा पुन्हा तपासली, जंतू कधी दिसले नाहीत. डाग, खोकला आणि वजन पाहून टीबीची औषधं सुरू झाली. पूर्ण कोर्स करूनही खोकला होता तसाच, म्हणून दुसऱ्यांदा सुरू झाली, या खेपेला इंजेक्शनांसकट. इंजेक्शनांनी त्याला गरगरायला लागलं. चालत्या लूमसमोर उभा राहणारा माणूस तो, तोल गेला तर हात कुठे जाईल याचा नेम नाही. "मैडम, बीमारी से नहीं, दवाई से डर लगता है," असं तो मला म्हणाला होता, आणि तुम्ही त्याला नेटानं औषध पुरं करायला लावत होतात.

याच सुमाराला आपल्या डॉक्टर मंडळींच्या रविवारच्या बैठकीत तो वाद पेटला. शाळेच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा ही मंडळी जमत आणि वडे खाऊन होईपर्यंतच गोडीगुलाबीनं वागत. सर्जन म्हणत, पोटातला अल्सर कापलाच पाहिजे. फिजिशियन म्हणत, नव्या गोळ्या आल्यात, तुमची सुरी आता म्यान करा. मुलांचे डॉक्टर मीठ-साखरेच्या पाण्यावर बोलायला उठले की सलाइन लावणारे घड्याळ बघायला लागत. त्या दिवशी ठाण्याहून येणाऱ्या छातीच्या डॉक्टरांनी विषय काढला, कापसाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा. गिरण्यांमध्ये तो दिसतो, लूमवर दिसतो का? कुणी तरी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही उभे राहून सांगितलंत की मी माझ्या कामगारांना विचारलंय. या आजाराची खूण पुस्तकात स्पष्ट आहे: सुट्टीनंतर कामावर गेलं की सोमवारी छाती आवळते, पुढे आठवडाभर हळूहळू कमी होते. सोमवारी कसं वाटतं विचारलं, तर माझ्याकडचा एकही माणूस त्रास सांगत नाही. तेव्हा भिवंडीत हा आजार नाही, खोकला दिसला तर टीबी समजून चला. छातीच्या डॉक्टरांनी मान डोलावली. तुमच्या शब्दाला वजन होतं, विषय तिथंच मिटला. प्रश्न तुम्ही विचारले होते, तेही मी घातलं होतं तसं उत्तर तोंडात न घालता. मला तुमचा अभिमान वाटला होता.

मग तो शुक्रवार. दवाखाना शुक्रवारी बंद, पण तुमच्या घरच्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. तुम्ही नमाज पढून आला आहात, मी स्वयंपाकघरातच पाटावर बसले आहे, समोर तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. तुमच्या पत्नी, ज्यांना मी खाला म्हणायचे, तव्यापाशी उभ्या राहून त्यांच्या बहिणीच्या सुनेचं काही तरी सांगताहेत. तुमचं लक्ष नाही असं पाहून त्या म्हणाल्या, "आज तरी ऐका. एक शुक्रवारच्याला या घरात बोललेलं ऐकू येतं." आणि तुमचा हात ताटातच थांबला. मला वाटलं काटा अडकला. तुम्ही खिडकीकडे बघत होतात. बाहेर गल्लीत खटखट नव्हती, सगळे लूम बंद, कुठल्याशा घरातला रेडिओ स्पष्ट ऐकू येत होता.

"सुट्टी शुक्रवारची," तुम्ही म्हणालात. "आणि मी विचारत बसलो सोमवारचं."

मला समजायला क्षणभर लागला. ज्यांनी पुस्तक लिहिलं त्यांच्या गिरण्या रविवारी बंद असायच्या, म्हणून पुस्तकात सोमवार. आपल्याकडे अख्खं गाव शुक्रवारी बंद. इथल्या माणसाची छाती आवळणार ती शनिवारी, आणि सोमवारपर्यंत ती सैल पडायला लागलेली असणार. तुम्ही स्वतः इतकी वर्षं शुक्रवारी दवाखान्याला कुलूप लावत आलात आणि शनिवारी सकाळी खोकणाऱ्यांची रांग बघून ‘कालची गर्दी आज आली’ म्हणत आलात. मी हसले. हसायला नको होतं, पण हसले. तुम्ही हसला नाहीत. खालांनी विचारलं, कालवण बिघडलंय का.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही कामाला लागलात. कुवेतहून भावाकडून ती प्लास्टिकची नळी मागवलीत, जोरात फुंकली की काटा सरकून छातीतला दम मोजते ती. कामगार तिला ‘डॉक्टर का बाजा’ म्हणायचे. शनिवारी शिफ्टच्या आधी फुंका, शिफ्टनंतर फुंका. गुरुवारी पुन्हा तसंच. ज्यांचा लूमशी संबंध नाही अशीही माणसं हवीत म्हणून मी नळी वळला नेली. आमच्या आईनं एवढ्या जोरात फुंकली की काटा टोकाला गेला, आणि ती म्हणाली, "बग, मना काय झाला न्हाय." पाऊस सुरू होण्याच्या आत चित्र साफ झालं. सगळ्यांचं नाही, पण बऱ्याच लूमवाल्यांचं शनिवार संध्याकाळचं फुंकणं पडलेलं होतं आणि गुरुवारचं त्याहून बरं होतं. कोपऱ्यातल्याचं सगळ्यात जास्त पडलं होतं.

पुढच्या बैठकीत तुम्ही उभे राहिलात. मी मागच्या रांगेत होते. तुम्ही म्हणालात, "मागे मी इथं एक ठाम विधान केलं होतं. ते चूक होतं, कारण मी चुकीचा वार विचारला." मग सगळं सांगितलंत, खालांसकट. कुणी तरी खिदळलं. छातीचे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सरळ विचारलं की त्या पेशंटची औषधं आता मध्येच थांबवणार का? धूळ आहे म्हणून टीबी नाही असं होत नाही, दोन्ही असू शकतात. "अर्धवट सोडलेली टीबी तो एकटा भोगणार नाही, खोलीतल्या सगळ्यांना वाटून टाकेल."  तुम्ही म्हणालात की जंतू एकदाही दिसलेला नाही आणि औषध त्याला पाडतंय. मी थांबवतो, जबाबदारी माझी. तुम्ही औषधं थांबवलीत आणि त्याला लूमवरून काढून एका ओळखीच्या गोडाउनमध्ये लावलंत. खोकला कमी झाला, वजन वाढलं, गरगरणंही पुष्कळ उतरलं. बैठकीत पुढे कित्येक वर्षं तुमचं उदाहरण देत. चूक कशी कबूल करावी ते बघा, म्हणत. तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेतही तीन जणांनी तेच सांगितलं.

आता राहिलेली गोष्ट. तुम्ही जाऊन वर्ष झालं होतं. माझा बोर्ड लागला होता, आई तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती. नव्वदचं दशक सुरू झालेलं, वळच्या शेतांत गोडाउनं उभी राहायला लागली होती, आणि त्यातल्याच एकाचा वॉचमन म्हणून कोपऱ्यातला माझ्याकडे आला. माझ्या दवाखान्यातही तो कोपऱ्यातच बसला. ताप, खोकला, थुंकीत रक्ताची रेघ. थुंकीची काच मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. टीबीच्या जंतूंच्या लाल काड्या होत्या, भरपूर होत्या, शंकेला जागा नव्हती. मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला आणि पहिल्यांदा तुमचा विचार आला, त्याचा नंतर.

ती काच घेऊन मी ठाण्याला छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली. म्हातारे झाले होते तेही. मी वाट बघत होते की ते म्हणतील, मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "तेव्हाच होती की नंतर लागली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. शनिवारची गोष्ट मात्र खरी होती." मी त्यांना विचारलं की हे बैठकीत सांगू का. त्यांनी उत्तर माझ्या तोंडात घातलं नाही.

मी सांगितलं. एकदोघांना राग आला, गेलेल्या माणसाबद्दल हे कशाला, म्हणाले. पण मी सगळं सांगितलं, थांबवलेल्या औषधांसकट, आणि तुमच्या जागी मी असते तर मीही थांबवली असती हेही. कोपऱ्यातल्यानं या वेळी पूर्ण औषध घेतलं आणि तो बरा झाला. त्याच्या खोलीतल्या दोघांना लागण झाली होती, तेही बरे झाले. ती त्याच्याकडूनच झाली का, तेव्हापासूनची का, याचा विचार मी भात लावणीच्या दिवसांत बांधावर उभी राहूनसुद्धा करते, आणि आई विचारते काय झालं, तर मी पुढची जुडी उचलून चिखलात उतरते.

सगळ्या डॉक्टर मंडळींसमोर मी हे बोलले, त्याचा मला अभिमान आहे, आणि तो तुमच्यामुळेच आहे. पण तुम्ही जिवंत असता तर बोलले नसते, डॉक्टरसाहेब. काच पुसून टाकली असती, त्याला गुपचूप औषधं सुरू केली असती आणि तुमच्याकडे येऊन चहा प्यायले असते. आजही हे लिहिलेलं तुम्हाला पाठवायची सोय असती तरी मी ते पाठवलं नसतं.