कावड आणि टोपली

पामर्स्टन नॉर्थ
रविवार, १३ जुलै २०२५

प्रिय सुलेखा, आणि तुझ्या-माझ्यासारख्या, माहेरच्या सातबाऱ्यावरून 'खुशीने' उतरलेल्या सगळ्या बहिणींनो,

हसू नकोस. समोर कुणी नसलं तरी मला सभा दिसते, ही खोड तुला लहानपणापासून माहीत आहे. पण गाऱ्हाणं आपल्या दोघींचं खरं आहे. शिरवळच्या जमिनीवरचा हक्क आपण सोडला, आपल्या भाऊरायाने, धैर्यशीलने, पेढे वाटले आणि काका म्हणाले, "पोरींनी माहेर राखलं." ते वाक्य मला अजून टोचतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून ताई मवाळ झाली असं तुला वाटणार नाही.

आम्ही बरे आहोत. इथे बोचरा वारा सुटलाय, सायकल चालवण्यापेक्षा ढकलावीच जास्त लागते. मकरंद नवऱ्याच्या हक्काने म्हणतो, "घरात तू एवढी तापलेली असताना हीट पंप लावायची गरज नाही." स्वानंदीला परवा सांगितलं, मावशीला मराठीत चार ओळी लिही. "स्वीट अ‍ॅज, मॉम," असा होकार दिला आणि तुला अंगठा पाठवून मोकळी झाली. म्हणूनच हे व्हॉट्सअ‍ॅपवर न लिहिता मेलने पाठवते आहे. याला अंगठा दाखवू नकोस. छापून घे.

लेस्तारीबद्दल लिहायचं आहे.

तुझ्याबरोबर वृद्धाश्रमात काम करणारी ही मैत्रीण शनिवारी जावाला निघते आहे आणि हॉर्नबीच्या तुझ्या घरून विमानतळावर तूच तिला सोडणार आहेस, हे कळलं. ती कशासाठी जाते आहे तेही कळलं. तिच्या बहिणीचा, निंगसिहचा, मला मेसेज आला. तिने एक फोटो पाठवलाय. त्यांच्या घराच्या सागवानी खांबांवर कुणीतरी खडूने आकडे घातले आहेत.

तिकडे जुनी लाकडी घरं खिळ्यांवर उभी नसतात, खाचांत बसवलेली असतात. त्यामुळे घर विकायचं म्हणजे ते सुटं करून ट्रकमध्ये भरायचं. शहरातले लोक त्याचे कॅफे करतात. आकडे घातले म्हणजे गिऱ्हाईक येऊन गेलं. त्या आकड्यांच्या खाली, खाटेवर, म्हबाह झोपलेली आहे. म्हबाह म्हणजे आजी. सगळं गाव लेस्तारीच्या आईला तेच म्हणतं. गुडघ्यांनी ती केव्हाच अधू झाली आहे.

फेब्रुवारीत भाताच्या अभ्यासासाठी मी त्या गावात, केडुंगवारूला, महिनाभर राहिले, ती ओळख तूच जुळवून दिली होतीस. नकाशात शोधलं तर त्या नावाची भलतीच गावं निघतात. डोंगराखाली पायऱ्यापायऱ्यांची खाचरं, प्रत्येक घरामागे केळी आणि कोंबड्या. शेताची वाटणी तिथे एका म्हणीत बसवली आहे: मुलाला कावड, मुलीला टोपली. म्हणजे भाऊ खांद्यावर दोन पाट्या नेणार, बहीण पाठीला एक बांधणार. हे ऐकलं आणि माझं डोकं भडकलं. शिरवळ आठवलं.

मग पाडव्याला तुमच्या क्राइस्टचर्चच्या मंडळात मी काय बोलले ते तुला पाठ असेल. "समुद्र ओलांडा, धर्म ओलांडा, कावड भावाच्याच खांद्यावर!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत लेस्तारी होती आणि तू तिच्या कानात भाषांतर करत होतीस. शेवटी ती रडत माझ्याजवळ आली आणि माझे हात धरून म्हणाली, "मी माझा वाटा मागणार." त्या संध्याकाळी मला किती धन्य वाटलं होतं म्हणून सांगू!

तिने भाऊ सुगेंगकडे शेत मागितलं. त्याने ते दिलं नाही. उलट घराला गिऱ्हाईक आणलं आणि म्हणाला, "तुला समान वाटा हवा ना? मग घर मोडू, तिघांत वाटू." शेत त्याच्याकडेच राहिलं. लेस्तारी घर मोडायला तयार झाली, निंगसिह नाही; दोघी बहिणी मात्र एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. म्हबाह थोरलीच्या, म्हणजे लेस्तारीच्या, शब्दाबाहेर नाही. शनिवारी ती विक्रीच्या कागदावर आईचा अंगठा घ्यायला निघाली आहे.

मी तिला फोन केला होता. "घराचं राहू दे, शेतासाठी भांड," म्हणाले. तिने माझंच वाक्य मला ऐकवलं, "हक्क मागताना समोरच्याचं तोंड बघायचं नसतं. तुम्हीच सांगितलंत ना, मॅडम?" मी काय केलं असेल? हसले. "खरं आहे," म्हणाले आणि हवापाण्यावर आले. सुलेखा, हजार माणसांसमोर माझी जीभ कधी अडखळली नाही. त्या एका बाईपुढे अडखळली, कारण पाडव्याला मी तिला जे सांगितलं नव्हतं, ते आता सांगावं लागलं असतं.

ते असं. एका दुपारी निंगसिह मागच्या पडवीत म्हबाहला अंघोळ घालत होती. मी माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत कावडीवरून म्हबाहशी वाद घालायला बसले. ती डोक्यावर पाणी घेत ऐकत होती. मग म्हणाली, "शेताचं बोललीस. घराचं कुणी विचारलं?"

"घराचं काय?"

"घर वाटत नाहीत. जी मला धुते, तिचं घर. धाकटी शहरातली नोकरी सोडून आली. घर तिचं."

म्हातारी खोडकर आहे, सोडते काय! "तुझ्या आईला कोण धुतं?"

"वहिनी."

"मग घर वहिनीचं?"

"नाही. भावाचं."

म्हबाह ठसका लागेपर्यंत हसली. निंगसिहला म्हणाली, "ऐकलंस? यांच्याकडची कावड तर आपल्याहून मोठी!"

हे मी भाषणातून गाळलं. विसरले नव्हते, टिपणांत होतं, विमानात बसून त्यावर काट मारली. अन्याय एकाच रंगात रंगवला की टाळ्या नेमक्या जागी येतात. घर मुलीला मिळतं हे सांगितलं असतं तर म्हणीची धार गेली असती. आणि खरं सांगू? धार माझ्यावरच फिरली असती. तुझ्यावरही. आपण शिरवळच्या वाट्यासाठी हळहळलो, पण वहिनीचं, सुरुचीचं, नाव तिथे कशावर आहे, हे आपण कधी विचारलं? आईला उचलते ती, कुशीवर वळवते ती. धैर्यशीलने आपल्याला वगळलं तसंच तिलाही वगळलं आणि आपण मात्र इतकी वर्षं तिलाच जिंकलेल्या बाजूला धरत आलो.

आज तिला फोन केला. म्हटलं, "सुरुची, घर तुझ्या नावावर आहे का गं?"

ती म्हणाली, "ताई, कुठे भाषण आहे का तुमचं?"

मागून आईची हाक आली. "आले हं," म्हणत तिने फोन ठेवला.

कावड अन्यायच आहे. मी एक शब्दही मागे घेत नाही. लेस्तारीने सुगेंगशी जन्मभर भांडावं, मी तिच्या बाजूने उभी राहीन. पण ज्या घरात एक बाई दुसरीला धुते, ते घर मोडून समानता येत नाही. शेत दाबून बसलेल्या सुगेंगला वर सागवानाचाही आयता वाटा मिळतो, एवढंच.

आता तू. मी पुन्हा फोन केला तर ती मला माझीच वाक्यं ऐकवील. तुझं तसं नाही. तिच्याबरोबर तू रोज म्हाताऱ्यांना अंघोळ घालतेस. तू बोललेलं तिला समजेल. शनिवारी गाडी सुरू करण्याआधी तिला तुझ्या स्वयंपाकघरात बसव, चहा दे, आणि या पत्रातली ती दुपार तिला वाचून दाखव. म्हबाहच्या हसण्यासकट. मी गाळलं होतं, हेही सांग. त्यानंतर तिला जायचं तर जाऊ दे.

पाडव्याला माझं अर्धं बोलणं तू तिच्या कानात घातलंस. उरलेलं अर्धंही तूच घाल.

सुरुचीच्या ज्या प्रश्नाला अजून उत्तर देता आलेलं नाही, तो घेऊन बसलेली,
तुझी ताई
सुनीती