गार लोखंडाचं माप

प्रिय स्वेर्रे,

सोबतचं खोकं आधी उघडू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. नाताळच्या भेटी तू आठवडाभर आधी चाचपून बघायचास आणि आईचा धपाटा खायचास. तेव्हा आधी पत्र वाच. तेहेतीस वर्षांत मी तुला कार्डावरच्या चार ओळींपलीकडे काही लिहिलं नाही. आज पाल्हाळ लागणार आहे, कॉफी करून घे.

बाबांना जाऊन ऑक्टोबरात वर्ष होईल. अंत्यविधीनंतर तू वर्कशॉपच्या दारापर्यंत आलास, उंबऱ्याशी थबकलास आणि म्हणालास, "माझं काय काम तिथे? माझे हात बाबांना ठाऊक होते." मग तडक बस गाठलीस. अरे, हे काय बोलणं झालं! तेव्हापासून ते वाक्य मला खुपतंय. साधा पानासुद्धा तू पुन्हा हातात धरला नाहीस, घरचा नळ गळला तरी माणूस बोलावतोस, असं तुझी बायको सांगत होती. मी हसून विषय बदलला. मला लाज वाटली.

वर्कशॉप चालू आहे. कामं कमी झाली, पण फ्योर्डमधली जुनी बोट कुरकुरली की अजून माझ्याकडेच येते. शेजारचा हालवार रोज वॉफल खायला टपकतो आणि फुकटचा शहाणपणा शिकवतो. परवा मी त्याच्या ट्रॅक्टरच्या झिजलेल्या सिलिंडरांत नव्या स्लीव्ह बसवत होते, तर म्हणतो, "राग्ना, ओतीव नळ्या ठोकून ठोकून या इंजिनात मूळचं उरलंय काय?" मी म्हटलं, "तुझे तरी दोन्ही गुडघे मूळचे आहेत का रे?" त्याने दुसरं वॉफल उचललं. पण खरं सांगू, स्लीव्ह नीट बसली की इंजिनाचा तो ब्लॉक नव्यापेक्षा मजबूत होतो. बाबा म्हणायचे, लोखंडालाही दुसरा जन्म असतो, फक्त सुईण घाईची नको.

आठवतं, त्यांची ती म्हण? "लोखंडाला झोपू द्यावं, मग मोजावं." गरम सोड्याच्या हौदातून ब्लॉक धुऊन काढला की दुसऱ्या सकाळपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. आपण दोघं त्यांची नक्कल करायचो. तू त्यांच्यासारखी मान वाकडी करून ब्लॉकवर पांघरूण घालायचास आणि अंगाई म्हणायचास. एकदा ते मागेच उभे होते! त्या दिवशी तुला उकडलेले बटाटे मिळाले, पण मासा मिळाला नाही.

तुझी बोट 'आल्के' अजून बोटघरात आहे. तुला वाटलं असेल, विकली. बाबा दर मे महिन्यात तिला डांबर लावायचे. आणि तिच्या इंजिनाचा तो तडकलेला ब्लॉक त्यांनी भंगारात दिला नव्हता. जाळ्यांच्या ढिगाखाली, ताडपत्रीत गुंडाळलेला सापडला. या हिवाळ्यात मी तडा पिना मारून शिवला. तीनपैकी दोन सिलिंडरांत स्लीव्ह बसवल्या. तिसरं, ते तडकलेलं, अजून मोकळं आहे.

आता त्या दिवसाकडे येते. इतकी वर्षं मी त्याला वळसा घालून चालले. एकोणऐंशीचा फेब्रुवारी. कॉड मासळी किनाऱ्याला लागली होती, सोमवारी तुला 'आल्के' घेऊन निघायचं होतं, पहिल्यांदाच स्वतःच्या बोटीचा मालक म्हणून. तू दारातून तीनदा डोकावलास, "झालं का गं, मापाच्या राणी?" स्लीव्ह दाबताना प्रेसपाशी तू एकटा होतास. ती अर्ध्यावर अडकली, तू जोर लावलास आणि ब्लॉक टणकन तडकला. बाबा धावत आले. "हे हात आहेत की हातोडे? जा, घोड्यांना नाल ठोक!" हातमोजे बाकावर ठेवलेस, आणि आठवड्यात उत्तरेला वार्डोला निघून गेलास, दुसऱ्यांची मासळी खोक्यांत भरायला.

स्वेर्रे, तुझे हात चुकले नव्हते. माप मी घेतलं होतं. त्या दुपारी ब्लॉक हौदातून निघून दोन तासही झाले नव्हते. मी तळवा ठेवला, कोमट लागला. म्हटलं, एवढ्याने काय होतंय! कोमट लोखंड फुगलेलं असतं हे बाळबोध ज्ञान मला नव्हतं का? होतं. पण बाबांनी पहिल्यांदाच मापाचं काम माझ्यावर सोपवलं होतं, आणि ते परत यायच्या आत मला आकडे तयार ठेवायचे होते. बाबांनी माझ्या आकड्यांवर स्लीव्ह कातली, आणि तू ती दाबलीस तोवर ब्लॉक गार होऊन आकसला होता. दुसऱ्या सकाळी मी बाकीची दोन सिलिंडरं गार असताना मोजली. माझ्या आदल्या दिवशीच्या आकड्यांपेक्षा दोन्ही तीन शतांश मिलिमीटरने कमी भरली. म्हणजे तुझी स्लीव्ह तेवढी जास्त जाड होती. कुणाच्याही हातांनी तो ब्लॉक तडकलाच असता.

मी गप्प बसले. आदल्याच आठवड्यात बाबा आईला म्हणाले होते, "पोरीची नजर चांगली आहे, तिला यंत्रावर ठेवतो." मी बोलले असते तर सरळ स्वयंपाकघरात गेले असते. वाटलं, तुझा राग ओसरेल, तू परत येशील, मग सांगेन. तू आला नाहीस. शेवटच्या हिवाळ्यात बाबा खाटेवरून म्हणाले, "पोराचे हात वाईट नव्हते गं." तेव्हाही माझी जीभ रेटली नाही. सगळं आयुष्य मी तुझ्या जागेवर उभी राहून काम केलं. ते काम मला फार आवडलं, हे त्याहून वाईट.

माफी मागते, द्यायची की नाही ते तू ठरव. आता खोकं उघड. त्यात बाबांचं सिलिंडर मोजायचं मापयंत्र आहे, त्याच लाकडी पेटीत. माझ्याकडे तेवढं एकच आहे, त्यामुळे ते परत येईपर्यंत तिसरं सिलिंडर तसंच राहील. पोस्टाने पाठवू नकोस, नाजूक आहे, स्वतः घेऊन ये. ब्लॉक मी मागच्या गार शेडमध्ये ठेवलाय आणि शेकोटी लांब हलवलीय. तुझे हातमोजे बाकावर जिथे ठेवले होतेस तिथेच आहेत, बाबांनी कुणाला हलवू दिले नाहीत. ब्लॉक चांगला झोपलाय, स्वेर्रे. या खेपेला माप तू घे.

तुझीच,
राग्ना