टाचणवहीतलं ‘पूर्ण’

प्रिय दाक्षायणी,

खटक्-खट्, खटक्-खट्. शेजारच्या पद्मशालींच्या घरातला हातमाग तुला आठवतो का गं? तू सहा-सात वर्षांची असशील. संध्याकाळी मी शाळेतून येऊन दारातल्या कट्ट्यावर टेकलो की तू पाठ्यपुस्तक घेऊन मांडीवर चढायचीस. मी कवितेची ओळ म्हणायचो आणि तू मागाच्या ठेक्यावर मान हलवत माझ्यामागून म्हणायचीस. एक चरण म्हणजे धोटा पलीकडे, दुसरा चरण म्हणजे धोटा अलीकडे. एकदा विणकर जेवायला उठला, माग थांबला, तशी तूही ओळीच्या मधेच थांबलीस आणि म्हणालीस, “अप्पा, कविता बंद पडली की.” तुझी आई स्वयंपाकघरातून हसली होती. आता ते घर पाडून तिथं तीन मजली इमारत झालीय, खाली मोबाइलचं दुकान आहे. पण दुपारी डोळा लागला की अजूनही माझ्या कानात धोटा इकडून तिकडं जात राहतो.

पत्र बघून तू घाबरशील. सगळे ठीक आहोत. तुझ्या शिवलीलाची तब्येत चांगली आहे. तापात गेलेलं वजन बरंचसं भरून आलंय, कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागून खाते, जिना एका दमात चढते. फोन रोज होतो तरी पत्र का, तर फोनवर तुझा आवाज आला की मला खरं बोलता येत नाही. कागदावर जमेल असं वाटतं. बघू.

गेल्या वर्षी आजारपणात तिची शाळा बुडाली आणि शाळेनं सांगितलं, पुन्हा नववीला बसवा. पोरगी म्हणाली, “धाकट्या पोरींच्यात मी बसणार न्हाय.” तू माळशिरसला, ग्रामीण रुग्णालयातली तुझी नोकरी, जावई गुरुरावांच्या कारखान्यातल्या पाळ्या. तेव्हा तूच तिला माझ्याकडं आणून सोडलीस आणि म्हणालीस, “अप्पा, मुक्त विद्यालयातून दहावी देता येते, घरी बसून. आणि आपल्या घरात तर मास्तरच आहे.” त्या एका वाक्यानं मला काय झालं ते तुला सांगितलं तर हसशील. रिटायर होऊन सोळा वर्षं झालेला मराठीचा मास्तर मी, दुसऱ्या दिवशी सकाळी नवी पेठेत जाऊन खडूचा बॉक्स, फळा आणि एक दोनशे पानी जाड वही घेऊन आलो.

ती वही म्हणजे टाचणवही. तू मास्तराची मुलगी, तुला काय सांगायचं. कुठल्या तासाला कुठला घटक, काय साहित्य, काय शिकवून झालं, शेवटी शेरा. आमच्या शाळेत ती दर सोमवारी हेडमास्तरांच्या टेबलावर जायची. आणि आता या वयात लपवून काय करू, आम्ही बहुतेकजण ती रविवारी रात्री एका बैठकीत भरायचो. झालेलं, न झालेलं, सगळं ‘पूर्ण’. हेडमास्तर न बघता सही ठोकायचे. सगळ्या शाळेत एकच वही अशी होती जिच्यात शेऱ्याच्या रकान्यात सारखं ‘अपूर्ण’ लिहिलेलं असायचं. गणिताच्या गिरिजाबाईंची. एकदा हेडमास्तरांनी भर स्टाफरूममध्ये विचारलं, “बाई, सगळ्यांचं पूर्ण होतं, तुमचंच कसं राहतं?” बाई म्हणाल्या, “सर, माझं शिकवून झालंय. पोरांना अजून आलं न्हाय.” आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो.

जूनमध्ये मी झकास वार्षिक नियोजन केलं. तुला त्याचा फोटो आवडला होता. पाच विषय, चाळीस आठवडे, रंगीत पेन्सिलींनी चौकोन. मराठीला मी फक्त सहा आठवडे दिले होते, तेवढे पुरे होते. मुक्त विद्यालयाची पुस्तकं आली, ती मी चाळली, आणि दाक्षू, मला ती कोरडी वाटली. मग माळ्यावरची ट्रंक काढली. माझ्या लहानपणची क्रमिक पुस्तकं, मी शिकवलेली पुस्तकं, पिवळी पडलेली, वाळवीनं कोपरे खाल्लेली. म्हटलं, आधी पोरीचा कान तयार करू, मग बाकीचं आपोआप येईल. पहिल्या दिवशी एक कविता म्हणून दाखवली. ती आजारातून उठलेली पोर, गालावर हात ठेवून ऐकत होती, आणि मला त्या जागी तू दिसलीस. तिथंच माझं नियोजन कोलमडलं. सहा आठवड्यांची मराठी दिवाळी ओलांडून गेली.

गणिताचं पुस्तक उघडायचो, नाही असं नाही. पहिली दोन प्रकरणं झाली. तिसऱ्यात बीजगणित आलं. मला ते माझ्या मॅट्रिकलाही आलं नव्हतं, इकडून तिकडून पस्तीस पडले होते. शिवलीला विचारायची, “अज्जा, ही पायरी कुठनं आली?” मी चष्मा पुसायचो, पुस्तकाच्या मागचं उत्तर बघायचो आणि म्हणायचो, “उद्या बघू. आज एक फार सुंदर कविता सांगतो.” ती म्हणाली, मोबाइलवर शिकवणारे असतात, बघू का? मी म्हणालो, मोबाइलमधला मास्तर माझ्या घरात चालणार नाही. विज्ञानाचंही तेच. प्रकाशाच्या धड्यात किरण कसा वाकतो हे मला सांगता आलं नाही, पण सूर्योदयावरच्या चार कविता सांगितल्या. पोरगी शेवटी एकदा म्हणालीच, “अज्जा, लई झालं की सूर्योदय. भिंगाचं सांगा.” मी हसण्यावारी नेलं.

आणि दर रविवारी वही भरली. सवयीनं. ‘वर्गसमीकरणे, पूर्ण.’ ‘विद्युतधारा, पूर्ण.’ अक्षर वळणदार, लाल शाईत शेरा. फोटो काढून तुला पाठवायचं काम शिवलीलाचं, कारण मला त्या फोनमधलं जमत नाही. पहिल्यांदा तिनं वही हातात घेतली, वाचली आणि विचारलं, “अज्जा, हे आपण कधी केलं?” मी म्हणालो, “करणार आहोत की गं. टाचण असंच लिहितात.” तिनं माझ्याकडं बघितलं, फोटो काढला, पाठवला. पुन्हा कधी विचारलं नाही. तुझा उलट निरोप आला, “वा अप्पा, वेळेच्या पुढं चाललाय!” तोही तिनंच मला मोठ्यानं वाचून दाखवला.

यातलं सगळ्यात वाईट अजून सांगितलंच नाही. मागच्या महिन्यात तू फोनवर तिला थेट विचारलंस, वर्गसमीकरणं जमतात का? मी समोरच बसलो होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. आणि ती तुला म्हणाली, “व्हय आई, जमतात.” पंधरा वर्षांच्या नातीनं माझी लाज राखायला स्वतःच्या आईशी खोटं बोलावं, हे मी तिला शिकवलं. सहा महिन्यांत पूर्ण झालेला हा एकच धडा.

परवा, गुरुवारी, तिनं मुक्त विद्यालयाची एक जुनी प्रश्नपत्रिका कुठूनशी मिळवली. घड्याळ समोर ठेवून एकटी तीन तास बसली. मला म्हणाली, “अज्जा, मधी बोलू नका.” मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. पेपर झाल्यावर ती ताटं घ्यायला गेली तेव्हा मी कागद पाहिले. पहिले दोन प्रश्न नीट सोडवलेले, समास सोडून, खाली उत्तराला चौकट. पुढची सगळी पानं कोरी. पण प्रत्येक कोऱ्या पानावर तिनं प्रश्नाचा क्रमांक घातला होता, जागा सोडली होती. जेवून हात धुताना तिनं विचारलं, “अज्जा, तुमच्या शाळेत गणित कोण शिकवायचं?” मी म्हणालो, “गिरिजाबाई. पलीकडच्या गल्लीतच राहतात, मारुतीच्या देवळामागं. पण त्या आपल्याकडं येणार नाहीत.” तिनं विचारलं, “का?” मी म्हणालो, जुनी गोष्ट आहे.

ती जुनी गोष्ट तुझीच आहे, दाक्षू. तुला कधी सांगितली नाही. तू दहावीला होतीस, सहामाहीचा निकाल लागला होता. गिरिजाबाई स्टाफरूममध्ये माझ्या टेबलाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “मास्तर, दाक्षायणीचं गणित कच्चं राहतंय. पोरगी हुशार हाय. रोज तासभर माझ्याकडं पाठवा, मार्चपर्यंत वर काढते.” हळू बोलल्या होत्या, माझी शोभा होऊ नये म्हणून. आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “बाई, तुमची आकडेमोड तुमच्याकडंच ठेवा. माझी पोरगी कवितेवर वाढलीय.” लोक हसले. त्या खडूचा डबा घेऊन तासाला निघून गेल्या. त्या दिवसापासून आमचं बोलणं नाही. रस्त्यात दिसल्या की मीच गल्ली बदलतो. मार्चमध्ये तुला गणितात छत्तीस पडले. सायन्सला प्रवेश मिळाला नाही. तू डॉक्टर व्हायचं म्हणत होतीस, ते म्हणायचं बंद केलंस. आज तू दवाखान्यातच असतेस, पण खिडकीत बसून केसपेपर लिहितेस. मला कधी एका शब्दानं बोलली नाहीस. उलट मुलगी माझ्याच हवाली केलीस. का गं? मला वाटतं, तुला वाटत राहिलं की गणितात तूच कमी पडलीस. तू कमी पडली नव्हतीस. तुझ्यासाठी मदत दारापर्यंत आली होती, मी ती परत पाठवली.

आता हे सगळं आजच का लिहितोय ते सांगतो. काल तुझा फोन आला. सोमवारी तू रजा काढून परीक्षेचा फॉर्म भरणार आहेस, एप्रिलला पाचही विषय एकदम, कारण टाचणवहीप्रमाणे सगळं संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेआधी संपतंय. दाक्षू, तो फॉर्म तसा भरू नको. माहितीपुस्तिका मी आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. विषय तुकड्यातुकड्यानं देता येतात, वर्षातून दोनदा. एप्रिलला तिला मराठी आणि सामाजिक शास्त्र देऊ दे; सामाजिक शास्त्र ती आपलं आपण वाचत होती, तेवढं तिचं खरोखर झालंय. इंग्रजी, गणित, विज्ञान ऑक्टोबरला. तिला पुढं विज्ञानच घ्यायचंय. आजारात तिच्या बोटातून रक्त घेणाऱ्या मुलीला तिनं, ते काचेवर काय बघता म्हणून इतकं विचारलं होतं, आठवतं ना? तिनं सुरुवातच नापासानं करू नये. आणि तिच्यासाठी गणिताचा माणूस शोध, माझ्यावर सोडू नको. फॉर्म सोमवारी आहे, म्हणून हे पत्र आज दुपारीच माळशिरसच्या एसटीतल्या ओळखीच्या कंडक्टरकडं देणार आहे. शिवलीला झेरॉक्स काढून आणते म्हणून गेलीय, ती आली की स्टँडवर जाईन. दार वाजलं, आलीच वाटतं.

ती आलीय, पण एकटी नाही. तिच्यामागं पायरीवर गिरिजाबाई उभ्या आहेत. केस पांढरे, गुडघ्यावर हात, काखेत शाळेत असायची तीच कापडी पिशवी. शिवलीलाच्या हातात झेरॉक्स नाही, परवाचा तो जवळपास कोरा पेपर आहे. बाई आत आल्या, फळ्याकडं पाहिलं, त्यावर कालची कविता तशीच होती. त्यांनी ती पुसली नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि पंचवीस वर्षांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या, “मास्तर, आधी टाचणवही दाखवा.” वही इथंच आहे, या पत्राच्या खाली. एवढी सही केली की ती काढून त्यांच्या हातात देतोय.

तुझाच,
अप्पा