तुझ्या नावाचं खोकं

प्रिय मेघाली,

तुझ्या आईचा फोन आला होता. म्हणाल्या, पोरगी आता दोन घास जेवते, संध्याकाळी चिकूच्या वाडीत चक्कर मारते. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत हे मात्र इतक्या हळू सांगितलं, जणू चोरीच केलीय. मी म्हटलं, अहो, रोज हजारो गोळ्या पॅक करून आमची पोटं भरतात, त्यात लाजायचं काय? बुधवारी कंपनीत तुझी चौकशी आहे, नोकरी राहते की जाते ते त्या दिवशी ठरेल, आणि तू येणार नाही म्हणतेस, हेही त्यांनीच सांगितलं. मी वाणगावला येऊन तुझ्यासमोर बसणार होते. पण समोर आले की मी नुसती बडबडते, हवं ते बोलतच नाही. म्हणून लिहायला घेतलं.

तू कामाला लागलीस तेव्हा काय हात होता गं तुझा! डबीत दहा स्ट्रिपा, माहितीचा कागद, झाकण, की पुढची डबी. मी सातपाटीची, जन्मभर कोलंबी सोललेली, तरी तुझ्यापुढे हरायचे. मग दिवाळीनंतर तू स्ट्रिप हातात धरून बघतच राहायला लागलीस. जेवणाचा डबा उघडायचीस आणि तसाच बंद करायचीस. आपल्या ओळीतली बुधी म्हणायची, "ताय, हाक मारली तरी तिला ऐकू येत नाय." तुझं काम निम्म्यावर आलं. मला वाटलं, कुणा मुलाचं प्रकरण असेल, जाईल चार दिवसांत. एकदाही हात धरून विचारलं नाही, की बाई, तुला होतंय तरी काय? मोठी शहाणी मी!

विचारायचं सोडून मी तुझं काम ओढायला लागले. प्रत्येक मोठ्या खोक्यात भरणारीच्या नावाची चिठ्ठी जाते, तर मी भरलेल्या खोक्यात तुझी चिठ्ठी टाकायचे. आपल्या ओळीत हे चालतंच, कुणाची पाळी असली, पोर तापलं, की बाकीच्या भरून काढतात. पण ते एखाद-दुसरा दिवस. मी चार महिने केलं. फळ्यावर तुझा आकडा रोज पुरा, त्यामुळे आपल्या सुपरवायझरना, धर्मेश सरांना, तू ठणठणीत दिसत होतीस. तुझं दुखणं मीच झाकून ठेवलं, मेघाली, आणि वर स्वतःचं कौतुक करत होते.

मार्चमध्ये ते खोकं औषधवाल्याकडून परत आलं. कितीतरी डब्यांत कागद नाही, तीन डब्यांत स्ट्रिपा कमी, आणि चिठ्ठी तुझी. कुणीतरी तुझ्या तब्येतीचं काढलं, तर सर म्हणाले, तब्येत बरी नसती तर आकडा पुरा झाला असता का? तू मेमो घेतलास आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाहीस. आई सांगत होत्या, तू अजून म्हणतेस, माझ्यामुळे कुणा आजारी माणसाला गोळी कमी पडली, मी काही कामाचीच नाही.

ते खोकं मी भरलं होतं. ते भरलं त्या दिवशी तुझ्या नावाचं प्रत्येक खोकं माझंच होतं. तू सबंध शिफ्ट हात मांडीवर ठेवून बसली होतीस आणि मी दोघींचं काम घाईघाईत उरकत होते. चिठ्ठीवरची तारीख पाहताच मला कळलं. तरी तुझ्या हातात मेमो पडताना मी मान खाली घालून उभी राहिले. घाबरले गं, माझी नोकरी जाईल म्हणून. काल मी हे सगळं लिहून सरांना दिलंय. माझं काय करायचं ते करतील. तू बुधवारी डॉक्टरांचा कागद घेऊन ये. मला वाचवायला काही बोलू नकोस, 'मी आजारी होते' एवढंच तुझ्या तोंडाने सांग. आणि नाहीच यावंसं वाटलं, तर नको येऊस. पण चूक तुझी नव्हती, पोरी. माझी होती.

तुझीच,
वत्सलाताई